डिझेलवर ओतलेल्या घागरी

मुडबी, मंगळवार, दिवेलागण

सूनबाई, सांगते तसंच लिही, माझी अक्कल वाढवू नको. परवा आमच्या विहिरीपाशी डिझेलचा टँकर उलटला. वास सोसंना, म्हणून मीच ती जमीन अंगणासारखी साबणाची पावडर टाकून धुवून घेतली. घागरीवर घागरी ओतल्या! आज माती उचलायला आलेले साहेब म्हणाले, "आजी, माती आधी खरवडायची. पाण्यानं तेल खाली झऱ्यापर्यंत गेलं. धुतलं कुणी?" एवढी तोंडाळ मी, तेव्हाच गप्प कामून बसले? आमच्या विहिरीत तवंग आलाय. वास नाकातून जाईना. खालच्या रानातली शिवम्माअक्का अजून तिच्या विहिरीचं पाणी पितीय. तिला कुणी सांगितलंच न्हाई.

हसू नको गं. माझी काठी दे. पाणी पिऊ नको अन् धुतलं कुणी, ते अक्काला मीच जाऊन सांगते.