ओळखलेला आवाज

३ मार्च, सोमवार

कोर्टात साक्ष देऊन आले. छाती ताठ करून! ‘आवाज अमोघचाच. शंभर टक्के.’ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलीत मी — लोकांनी ‘हॅलो’ म्हणायच्या आत मी ओळखायचे.

अमोघ पिंजऱ्यात उभा होता. वाळलाय. दोन वर्षं माझ्या वरच्या खोलीत भाडेकरू होता. नंदेसरीच्या रसायनांच्या कारखान्यानं नोकरीवरून काढलं, आणि आठवड्याभरात तिथे फोन गेला — टाकी उडवून देतो! सात महिने झाले, आत आहे. मला पाहून त्यानं मान लववली, नमस्कारासारखी. मेल्यानं तोंड तरी फिरवायचं!

घरी येऊन हे सगळं सांगायचं कोणाला? फ्रीजला सांगितलं.

४ मार्च

उलटतपासणी. अमोघची वकील योगिनीबेन, कालची पोर. ‘मासी, अमोघ तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायचा?’ मराठीत. ‘आणि धमकी?’ गुजरातीत. ‘त्याला गुजराती बोलताना ऐकलंय कधी?’

नाही. एकदाही नाही! घरात कायम मराठी, खानदेशी हेल काढून. कारखान्यातला फोन आला की जिना उतरून बाहेर जायचा. गुजरातीत त्याचा आवाज कसा लागतो, मला ठाऊकच नाही. भाजीवालीशी गुजराती बोलताना माझाच आवाज किती चढतो!

सरकारी वकील रागावून बघत होते. उरलेले प्रश्न सोमवारी. शिक्षा झाली तर पोराची तरुण वर्षं जातील — माझ्या एका शब्दावर.

६ मार्च

पोलीस चौकीत धमकीच्या टेपवरचा एकच आवाज ऐकवला होता. ऐकवायच्या आधीच साहेब म्हणाले, ‘मासी, आ अमोघनो ज अवाज छे ने?’ नाव त्यांनीच पुरवलं! चार-पाच जणांचे आवाज मिसळून लावले असते तर मी काय सांगितलं असतं?

आणखी एक लिहून टाकते. नोकरी गेल्यावर तो मला न सांगता खोली सोडून गेला. किल्ली इस्त्रीवाल्याकडे! मी आठवडाभर रडले. मग पोलिसांचा निरोप आला, अमोघचा आवाज ऐकायला या. राग होताच, पण मी चांगली साडी नेसून गेले. आवाज कानावर पडेल म्हणून. टेप सुरू व्हायच्या आत माझं ‘हो’ तयार होतं.

७ मार्च

आज कोणाशी एक शब्द नाही. दूधवालाही पिशवी कडीला अडकवून गेला.

९ मार्च, रविवार

दुपारी फोन वाजला. पलीकडून नुसतं ‘हॅलो’. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अमोघ! जेवलास का रे?’ चौकीत होती तेवढीच खात्री!

गॅसवाला होता. अमोघ तुरुंगात, तो कुठला फोन करायला!

उद्या कोर्टात हे सांगणार. माझं हसं झालं तरी.