मॉक ड्रिलची पहिली कॅसेट

१ फेब्रुवारी
जानेवारी ट्रायल होता. वर्ष आजपासून सुरू. संकल्प एकच: ‘मॉक ड्रिल’ची पहिली कॅसेट काढायची. हार्डकोर पंक, पाच गाणी, एकूण सात मिनिटं. बोईसरमधला पहिला हार्डकोर बँड आपला. दुसरा नाहीच, पण पहिला तो पहिलाच. आजकाल कॅसेट कोण ऐकतं असं लोक विचारतात. ज्यांना कळतं ते ऐकतात. आपल्या घरात टेपरेकॉर्डर नाही, ही वेगळी गोष्ट.
गायन, गिटार, शब्द, दिशा: मी. ड्रम्स: मितेश, माकुणसारचा. चित्रं: वैभवी, पालघरला झेरॉक्सच्या दुकानात असते.
मार्चमध्ये नोकरी सोडणार.

७ फेब्रुवारी
मितेश आला नाही. बँजो पार्टीबरोबर हळदीत वाजवायला गेला. फोन करून सांगितलं की हार्डकोरचा ड्रमर हळदीत वाजवत नसतो. तर म्हणतो, आमी रातभर वाजवतो, तुजं गाणं मिनिटात संपतं, त्यात हातपण गरम होत नाय. याला व्हिजन नाही.

१२ फेब्रुवारी
‘गुदमर’चं रेकॉर्डिंग घरीच. खिडकीला गादी, दाराला गोधडी. एमआयडीसीच्या धुरावरचं गाणं आहे, अंगावर काटा येतो. माझ्या तरी आला.
पण चौथ्या ओळीला पलीकडच्या खोलीतून बाबांचा खोकला. पुन्हा टेक, पुन्हा खोकला, नेमका तिथेच. बाबांना जाऊन सांगितलं, जरा दम धरा. धरतो की, म्हणाले. धरला नाही.
घरात कलेला वातावरणच नाही.

१५ फेब्रुवारी
नवीन गाणं: ‘रंग’. बाबा पाटोद्याहून इकडे आले ते थेट रंगाच्या कंपनीत, पावडर खात्यात. लहानपणी आम्ही त्यांचा टॉवेल बघून सांगायचो, आज निळा माल होता की लाल. गेल्या दिवाळीत रिटायर झाले. गाणं कशावर आहे, असं त्यांनी विचारलं. कामगारांच्या पिळवणुकीवर, तुम्हाला नाही कळणार, म्हटलं. बरं, म्हणाले.

२२ फेब्रुवारी
कव्हर सुचलं! वैभवीचं म्हणणं होतं की कारखान्याची चिमणी नको, सगळे चिमणीच काढतात. मग कपाटातून बाबांचा छातीचा जुना एक्स-रे काढला. कंपनीच्या मेडिकलचा, दोन वर्षांपूर्वीचा. फिल्म जाड असते, ब्लेडने अक्षरं कापली की झालं स्टेन्सिल. एका फुप्फुसात ‘मॉक’, दुसऱ्यात ‘ड्रिल’. स्प्रे मारला. टी-शर्टवर, पुठ्ठ्यावर, जिथे मारू तिथे उठतं.
एक्स-रे कुणाचा, असं वैभवीने विचारलं. कलेला मालक नसतो, म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. सांगितलं. मग काकांना विचारलंस का, म्हणाली. सरप्राइज आहे, म्हटलं. ती खाली पडलेले तुकडे वेचत बसली. कचरासुद्धा जपते. मुलींना व्यवस्थितपणाची फार हौस.
स्टेन्सिल पुसून पिशवीत परत ठेवलं. आपण जबाबदार माणूस.

२७ फेब्रुवारी
आई म्हणते, ह्यांना पालघरला मोठ्या डॉक्टरकडे न्यायला हवं. एकदम मान्य. संकल्प: येत्या शनिवारी.

शनिवार
टी-शर्ट वाळत होते, पाऊल ठेवायला जागा नव्हती. पुढच्या शनिवारी.

१४ मार्च
आज मितेश एकदाचा मोकळा होता. असा दिवस पुन्हा मिळत नाही. नेटवर वाचलं, अॅसिडिटीनेही खोकला होतो. बाबांना जेलुसिल आणून दिलं. बरं वाटतंय, म्हणाले. बघा.
नोकरी एप्रिलमध्ये सोडणार.

२३ मार्च
सकाळी बाबांच्या रुमालावर लाल. मला वाटलं, जुना रंग असेल. आई रिक्षा बोलावून आली.
डॉक्टरांनी नवीन एक्स-रे काढला आणि जुना मागितला. दोन्ही शेजारी लावून बघायचे होते. आईने पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो दिव्याच्या काचेवर लावला आणि बाबांच्या छातीत ‘मॉक ड्रिल’ लख्ख उजळलं. स्टेन्सिल म्हणून फारच छान झालं होतं.
हे कुणी कापलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी पंख्याकडे बघितलं. बाबांनी पुढे वाकून एकेक अक्षर वाचलं. मग डॉक्टरांना म्हणाले, पोराचा बँड हाय आमच्या. अक्षर सरळ आलंय.
नव्या फिल्मवर डाग आहे, तिथे जुन्या फिल्मवर ‘ड्रि’ आहे. डाग तेव्हा होता की नंतर आला, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुंबईला न्या, लगेच न्या.
उशीर माझ्यामुळे झाला असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे झाला नसावा.

५ एप्रिल
बाबा मुंबईला अॅडमिट. मी खचलेलो नाही. संकल्प: बाबा घरी येईपर्यंत कॅसेट तयार. ‘बाबांस’ असं आत छापायचं.
मितेश हळदीची सुपारी सोडून हॉस्पिटलात आला. वाडीतले चिकू घेऊन आला. दिवसभर बाबांचे पाय चेपत बसला. मी त्याला ‘गुदमर’चा शेवट समजावत होतो. म्हणाला, इंद्र्या, आता नको.

११ एप्रिल
बाबांनी स्वतःहून गाणं ऐकायला मागितलं. इयरफोन लावून दिले. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग विचारलं, मधी खोकतंय कोण. ते मिक्सिंगमध्ये काढणार आहे, काळजी करू नका, म्हटलं. हसायला लागले, हसता हसता ढास लागली, नर्स आली. मी निघताना म्हणाले, ऱ्हाऊ दे की. बाकी काय कळंना, तेवढंच वळखू येतंय.
चेष्टेत म्हणाले असणार.

१९ एप्रिल
फायनल मिक्स! नवीन सॉफ्टवेअर भारी. एकेक खोकला निवडून काढला. बारीकसा, श्वासात अडकलेला होता, तोही काढला. मागे काही शिल्लक नाही. जागेसाठी मूळ फाइल्स उडवल्या. सफाई म्हणजे सफाई.
बाबांना सांगणार नाही. घरी आल्यावर सरप्राइज.

२ मे
बाबा गेले.

६ मे
पाटोद्याहून काका आले. बँड म्हणजे लग्नातला का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटलं.

१६ मे
तेराव्यानंतर वैभवी आली. तिच्या वडिलांचा टेपरेकॉर्डर आणि त्यावर भरलेली कॅसेटची एक प्रत घेऊन. कव्हर कोरं ठेवलं आहे तिने, त्यावर एक्स-रे छापला नाही. आणि एका पाकिटात ते कापलेले तुकडे. तेव्हापासून जपून ठेवले होते. आई आता जमिनीवर बसून ते चिकटपट्टीने जागच्या जागी बसवते आहे. एक काना सापडत नाही.
मितेश दाराशीच बसला आहे. आत ये म्हटलं तर म्हणतो, इथंच बरा हाय.
आईने विचारलं, तुझ्या मशिनीत ह्यांचा आवाज कुठं आला का रे? फोटो आहेत, आवाज नाही कुठे. फोन पाहिला. लॅपटॉप पाहिला. मग कॅसेट लावली, सातही मिनिटं. आई टेपरेकॉर्डरला कान लावून बसली होती. संपल्यावर म्हणाली, ह्यात नुसता तूच हाईस की.
गाणी वाईट आहेत. बाबांचा खोकला कुठेच नाही. या बँडमधलं हे एकच काम मी मन लावून पुरं केलं होतं.