दोन दिवसांचा नियम

२ मार्च
रुजू झालो. सर्व सरकारी खात्यांची कार्यक्षमता वाढवण्यासाठी खास सल्लागार. मुदत तीन महिने, काम दिसलं तर कायम. मंत्र्यांची गाडी आमच्याच गॅरेजात येते, पण निवड निव्वळ गुणांवर. गॅरेज धाकट्या भावावर सोपवलं. अडलं तर विचार, म्हटलं. अडेलच दादा, म्हणाला. त्याला आत्मविश्वास म्हणून नाहीच.

५ मार्च
खात्यांचा फेरफटका. पाणी खात्याला नळ टाकायचाय, म्हणून ते रस्ते खात्याला विचारतं. रस्तेवाले दिवाबत्तीला विचारतात, दिवाबत्तीवाले गटारांना, गटारवाले बागांना, आणि बागांचे साहेब रजेवर. नळाची फाइल निघाली तेव्हा इथल्या अधीक्षकांचे केस काळे होते म्हणे. हा गृहस्थ कशानेच तापत नाही, म्हणून मी त्याचं नाव बर्फ ठेवलंय. त्याला सांगितलं, डोळे मिटून नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारा माणूस आहे मी. म्हणाला, मग इथेही डोळे मिटूनच राहा साहेब. आदर आहे.

९ मार्च, सकाळ
आंघोळ करताना सुचलं. एका खात्याने दुसऱ्याला काही विचारलं आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर होकार समजायचा. बस. एवढी साधी गोष्ट या पदवीधरांना इतक्या वर्षांत सुचू नये?

९ मार्च, संध्याकाळ
मंत्र्यांची सही झाली. बर्फाने विचारलं, नियम सगळ्यांना लागू का? म्हटलं, मंत्र्यांपासून माझ्यापर्यंत. त्याने ते लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मंद माणसांना लिहून घ्यावंच लागतं.

१८ मार्च
नळ टाकून झाला! रस्तेवाल्यांनी सोमवारी डांबर टाकलं, पाणीवाल्यांनी मंगळवारी तेच खणलं. दोघांनी एकमेकांना विचारलं होतं, दोघेही गप्प होते. पेपरवाले नावं ठेवतायत. त्यांना दिसत नाही की दोन खाती पहिल्यांदाच एका रस्त्यावर आली.
घरी सासूबाई बॅगांसह हजर. ही म्हणाली, आईला कायमची आणू का म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता. दोन दिवस वाट पाहिली. नियम घरी सांगायला नको होता.

२ एप्रिल
आपले कान तिखट. व्हरांड्यात कुणीतरी विचारत होतं, पाहुणे आहेत का आत? म्हणजे मी. साहेबांना लोक घाबरतात, पाहुण्यांवर माया करतात. टेबलावर रोज फाइलींची चळत येऊन पडते. मी उघडत नाही. आपण दिशा दाखवायची, वाचायला कारकून आहेत.
भावाचा फोन, सलग दुसऱ्या दिवशी. गॅरेजातल्या माझ्या केबिनबद्दल काहीतरी. ठेवून दिला. किती क्षुल्लक गोष्टींत अडकतात ही माणसं.

१८ एप्रिल
संघभावना शिबिर सुरू. पाचही खात्यांचे साहेब एका टेबलाशी. यातले दोघे एकाच जिन्याने वीस वर्षं चढतात आणि ओळख आज झाली! गृहपाठ दिला: सगळ्यांना छळणारी एक अडचण निवडा आणि मिळून सोडवा. एरवी सही करताना हात जड होणारे हे लोक लगेच कामाला लागले. मी आत गेलो की गप्प होतात. एकाग्रता.

२० एप्रिल
शिबिराचा समारोप. मी तीन तास बोललो. रस्तेवाले आणि पाणीवाले एका बशीतली बिस्किटं खात होते. मला भरून आलं. अडचण कोणती निवडली, विचारलं. म्हणाले, उद्या कळेल साहेब.

२१ एप्रिल
दारावर पाटी नाही. आत दुसऱ्याच कुणाच्या खुर्च्या.
बर्फाने समजावलं. सल्लागारपद बंद करण्याचा प्रस्ताव. पाचही खात्यांची एकमुखी शिफारस. मंत्र्यांचं मत मागवलं होतं, ते गप्प राहिले. माझंही मागवलं होतं. फाइल शिबिराच्या पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर, चळतीत सगळ्यात वर ठेवली होती. मीही गप्प.
तो म्हणाला, एवढ्या नोकरीत पाच खात्यांतून फाइल इतक्या झपाट्याने फिरलेली पाहिली नाही, हे श्रेय तुमचंच. हातात हात घेतला. हात चक्क गरम होता.
म्हणजे कार्यक्षमता वाढली, हे त्यांनीच मान्य केलं.

२३ एप्रिल
गॅरेज. माझ्या केबिनमध्ये भाऊ. टेबल नवं, पंखा नवा. म्हणाला, दादा, फोनवर दोनदा विचारलं, केबिन मी घेऊ का म्हणून. तुम्ही फोन ठेवलात. दोन दिवस थांबलो, तुमचाच नियम. गिऱ्हाइकं खूश आहेत, असंही वर ऐकवलं.
मग हळूच विचारलं, तुम्ही बाहेर काउंटरवर बसाल का?
असल्या प्रश्नाला मी उत्तर देत नसतो. सरळ घरी आलो.

२५ एप्रिल
काउंटरवर पंखा नाही.