चार गोधड्यांचे कच्चे कोपरे

मी, तुळजाबाई रुपराव गजभिये, वय वर्षे सदुसष्ट, राहणार पाचपावली, नागपूर, आज गुरुवार, दिनांक २१ नोव्हेंबर २०२४ रोजी माझ्या राहत्या घरी बसून, पूर्ण शुद्धीवर असताना माझे हे मृत्युपत्र करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकील चेतन ढोके म्हणाले की 'मी कोणत्याही भीतीपोटी हे लिहीत नाही' असंही एक वाक्य घालावं लागतं. ते मी घालू दिलं नाही. मला भीती वाटते आणि हा कागद मी भीतीपोटीच करते आहे. वकिलांनी समजावलं की कायद्यातली भीती म्हणजे दुसऱ्यानं घातलेली. मग 'दुसऱ्या कुणाच्या भीतीपोटी नाही' असं लिहा म्हटलं, आणि तसं लिहिलं आहे.

येत्या सोमवारी धंतोलीच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, आजकाल हे रोजचं झालं, काळजीचं काही नाही. पण काळजीचं काही नसताना त्यांनी माझ्या मुलाच्या सह्या तीन ठिकाणी घेतल्या, ते मी पाहिलं.

मी परत आले नाही, तर या मृत्युपत्राची अंमलबजावणी कमाल चौकातले शिंपी नत्थूजी वासनिक यांनी करावी. ते माझ्या यजमानांचे जन्माचे मित्र. त्यांना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही असं कळल्यावर ते रुसले आणि चहा न घेता गेले. तरी काम नीट करतील. कलम एक ते तीन त्यांनी लगेच सगळ्यांना वाचून दाखवावीत. कलम चार कधी वाचायचं ते त्या कलमातच लिहिलं आहे, आणि ते त्यांना मी समोर बसवून सांगितलं आहे.

कलम एक. पाचपावलीतलं दोन खोल्यांचं घर. माझे यजमान लकडगंजात आरा मशीनवर होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथं गेली, आणि त्यानंतर त्यांनी हे घर घेतलं ते माझ्या नावावर. हे घर मी माझी सून हर्षा प्रशिक गजभिये हिला एकटीला देते. माझा मुलगा प्रशिक याला मी टाकलेलं नाही, त्यानं तसं मनात आणू नये. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझी मोठी जाऊ इंदूबाई आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याला म्हणाली होती की हिला काही राहत नाही, दुसरी पाहा. प्रशिक उठून बाहेर गेला. उठला हे बरं केलं, पण तोंडातून एक शब्द काढला नाही, हे मला खटकलं. हर्षा तेव्हा ओट्याशी पाठमोरी पुऱ्या तळत होती. मूल नाही म्हणून या घरातून तिला कुणी निघ म्हणू नये, एवढ्यासाठी घर तिचं.

कलम दोन. बँकेतली ठेव आणि शिलाई मशीन माझी मुलगी अंजू हिला. मशीनचं पायडल करकरतं, त्याला तेल लागतं, हे तिला माहीत आहे. शिवताना बोटात घालायचं माझं पितळी अंगुस्तान हर्षाला. तिला शिवता येत नाही, पण माझ्या डोळ्यांना सुयांची नेढी दिसेनाशी झाल्यापासून रोज सकाळी बारा सुया ओवून सुयांच्या गादीत टोचून जाते ती तीच.

कलम तीन. या घरात सध्या चार गोधड्या एकाच वेळी चालू आहेत. चारींची चार गाठोडी पलंगाखाली आहेत आणि आखणी माझ्या चौकटीच्या वहीत आहे, रंगीत पेन्सिलींनी. पहिली प्रशिकला, त्याच्या बाबांच्या निळ्या सदऱ्यांची. दुसरी अंजूला उमरेडला, माझ्या सुती लुगड्यांची, तिला त्यातलं जांभळं आवडायचं. तिसरी नत्थूजींना, त्यांनीच वर्षानुवर्षं आणून दिलेल्या कातरणांची, म्हणजे ज्याचं त्याला. चौथी इंदूबाईला, आमच्या सासूच्या लुगड्याची. सासू गेली तेव्हा ते लुगडं इंदूबाईला हवं होतं आणि मी दिलं नव्हतं. आता घे म्हणावं.

चौथी अजून पुरी व्हायची आहे. चारही गोधड्या कोपरे न उसवता, धुतल्याशिवाय, आहेत तशा नत्थूजींनी आपल्या कपाटात ठेवाव्यात आणि पुढं सांगितल्यावरच वाटाव्यात.

हर्षानं मागच्या महिन्यात मला विचारलं, "आई, चार-चार गोधड्या एकसंगं काहून करून राहिल्या?" मी म्हटलं, एकीचाच कंटाळा येतो. ती सुया ओवत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "माह्यासाठी एक नाही का वं आई?" मी हातातल्या तुकड्याची घडी घालत बसले. ती उठून कपडे वाळत घालायला गेली. त्या दिवसापासून सुया ती ओवून ठेवते, पण माझ्याजवळ बसत नाही. तिनं काय समजून घेतलं असेल ते मला कळतं, आणि त्याचं उत्तर कलम चारमध्ये आहे.

कलम चार. हे वेगळ्या कागदावर आहे. हर्षाला सातवा महिना चालू आहे. या घरातून येणारा लेकराच्या रडण्याचा आवाज नत्थूजींनी स्वतःच्या कानांनी ऐकावा आणि मगच हा कागद उघडावा.

आमच्या घरात नवस नाही, दृष्ट काढणं नाही. विहारात बायकांना लिंबू-मिरचीला भिऊ नका म्हणून सांगणारी मीच आहे. अंधश्रद्धा मी मानत नाही. पण मी भिते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि यजमान असते तर त्यांनी मला यावरून चांगलं फैलावर घेतलं असतं.

१९७८ साली मला पहिल्यांदा दिवस गेले. मी एकवीस वर्षांची, हातात कला, आणि हौस भारी. सातव्या महिन्यातच शंभर तुकड्यांची लहानशी गोधडी शिवली आणि अंगणातल्या दोरीवर सगळ्यांना दिसेल अशी घातली. लेकरू जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवू नये, असं जुन्या बायका सांगत होत्या. मी हसले. मुलगा झाला डिसेंबरात, आणि तिसऱ्या दिवशी गेला. इंदूबाई मला भेटायला आली, कॉटशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "पावना यायच्या आधीच बिछाना घालून ठेवला तुनं. आता झोपतं कोन त्याच्यावर?"

तिला ते आठवतही नसेल. मला मात्र शेहेचाळीस वर्षांत एकही दिवस त्या वाक्याशिवाय गेला नाही. ती गोधडी वर्षभर मी अंगावर घेऊन निजले. लहान होती, गुडघ्यांपर्यंतच यायची. मग एक दिवस धुतली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. अंजू आणि प्रशिकच्या वेळी मी दोरासुद्धा विकत आणला नाही. दोघं बापाच्या जुन्या धोतरात गुंडाळून घरी आले आणि जगले.

आता जे कुणालाच माहीत नाही ते लिहिते. हर्षाचं पहिलं लेकरू चौथ्या महिन्यात पोटातच गेलं, त्यात माझं काही नव्हतं. दुसऱ्या वेळी सहावा चालू असताना मला राहवलं नाही. बाजारात पिवळं मलमल दिसलं आणि मी एक मीटर फाडून घेतलं. शिवलं नव्हतं, फक्त आणून ठेवलं होतं. त्यानंतर नवव्या दिवशी हर्षाला दवाखान्यात न्यावं लागलं. प्रशिक रिकाम्या हातानं परत आला तेव्हा मी ते कापड चुलीत घातलं. मला ठाऊक आहे की कापडानं असं काही होत नाही. हर्षा, तरी मी तुझी माफी मागते.

या वेळी मी हात बांधून बसणार होते. पण डॉक्टरांनी झडपेचं सांगितलं आणि दुसरी भीती उभी राहिली. हर्षाचे दिवस जानेवारीत भरतात. पाचपावलीच्या आमच्या खोलीत जानेवारीची थंडी फरशीतून वर येते. मी नसले तर शिवणार कोण? आधी शिवायचं भय आणि नंतर मी नसण्याचं भय, या दोन्हींच्या मध्ये मी चार गोधड्या मांडल्या. चार चालू असल्या की त्यातली कुठली कुणाची, ते बघणाऱ्याला कळत नाही. जो कुणी बघत असेल त्याला.

चारींच्या उजव्या कोपऱ्याला एकेक तुकडा असा आहे की तो मूळ गोधडीचा नाही. आपल्या तीन थरांसकट, आपल्या किनारीसकट तो वेगळाच पुरा केलेला आहे आणि पांढऱ्या दोऱ्यानं, कच्च्या टाक्यानं नुसता अडकवला आहे. दोरा ओढला की सुटतो. चार तुकडे जोडले की दोन हात लांब, दीड हात रुंद होतं. मापं मी सुतळीनं घेतली. चारही एकत्र लावून मी कधी पाहिले नाहीत. वहीतसुद्धा ते चौकोन कोरे आहेत. दुसरा तुकडा पुरा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हर्षाचा जिन्यावर पाय घसरला. कठडा हातात आला म्हणून बचावली. मी आठ दिवस गाठोड्यांना हात लावला नाही.

वकील म्हणतात, कुणाला देता ते स्पष्ट लिहा. ते मी लिहिणार नाही. वाचणाऱ्याला कळलं आहे.

माझी आई मला पोटात घेऊन १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षेला उभी होती. मी जानेवारीत जन्मले. आजीनं तरीही हट्टानं तुळजा नाव ठेवलं. म्हणजे जन्मायच्या आधीच माझ्यासाठी एवढं मोठं काही करून ठेवलं होतं, आणि मी जगले. हे मी स्वतःला रोज सांगते. दिवसा पटतं.

तर आवाज ऐकल्यावर नत्थूजींनी प्रशिक, अंजू आणि इंदूबाई यांना एकत्र बसवावं. प्रत्येकानं आपापला कोपरा आपल्या हातानं सोडवून द्यावा. अंजू आणि इंदूबाई एकमेकींशी बोलत नाहीत, न बोलताही दोरा ओढता येतो. जोड नत्थूजींनी घालावा. शेवटचा पक्का टाका इंदूबाईनं घालावा. बिछाना कोणासाठी म्हणून तिनं विचारलं होतं, तर आता तिनंच घालावा. माझा राग तिथं संपला असं तिनं समजावं.

आणि आवाज आलाच नाही, तर नत्थूजी, हा कागद तुमच्याकडेच राहू द्या, कुणाला दाखवू नका. चारही कोपरे तुम्ही एकटे बसून पक्के शिवून टाका आणि मग गोधड्या वाटा. कुणाला काही कळणार नाही. फक्त माझ्या पेटीच्या तळाची ती शंभर तुकड्यांची हर्षाला द्या आणि एवढंच सांगा की मी ही वर्षभर अंगावर घेतली होती आणि मग उठले. बाकी तिला समजेल.

हे सारं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं तसंच लिहिलं आहे.

तुळजाबाई रुपराव गजभिये (सही)

साक्षीदार: १. ॲड. चेतन ढोके. २. धनश्री मेश्राम, शेजारी.
पाचपावली, नागपूर. २१ नोव्हेंबर २०२४.

पुरवणी

आज रविवार, २४ नोव्हेंबर. संध्याकाळी भरती व्हायचं आहे. वरील मृत्युपत्र कायम ठेवून, त्याच साक्षीदारांसमोर एवढं जोडते.

इंदूबाईच्या गोधडीचा कोपरा एका बाजूनंच अडकवलेला राहिला होता. दुपारी तो पुरा करावा म्हणून गाठोडं सोडलं, तर दुसरी बाजूही अडकवलेली होती. दोरा पांढरा, टाका कच्चा, पण हात माझा नाही. माझे टाके आता वाकडे पडतात. हे एका मापाचे होते, आणि घाबरत घातल्यासारखे फार जवळजवळ. मी हर्षाला हाक मारली.

ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "दिवाळीपासून माहीत हाय मले, आई. कोपरा लोंबकळला होता, उचलून पाह्यला. पन बोलली नाही. बोललं त काही होईन म्हनून."

मी तिला जवळ बसवून पिवळ्या कापडाचं सांगितलं. ती उठली, आपल्या कपाटातल्या साड्यांखालून एक लहान टोपरं काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तेही त्या दुसऱ्या वेळचंच, तिनं लपवून विणलेलं. तिलाही वाटत होतं की तिच्यामुळंच झालं. दोन वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी हेच घेऊन बसलो होतो.

जाताना ती म्हणाली, "टाका मी कच्चाच ठेवला. पक्का तुमी या आन् करा."

म्हणून कलम चारमध्ये एवढाच बदल: मी परत आले, तर शेवटचा टाका मी घालीन, इंदूबाईनं शेजारी बसावं. नाही आले, तर आधी लिहिलं तसं. चार कोपरे आम्ही अजून एकत्र लावून पाहिलेले नाहीत. तिची हिंमत झाली नाही आणि माझीही नाही. बारावी सुई तिनं ओवून त्या कोपऱ्यातच टोचून ठेवली आहे. ती कुणी काढू नये.

तुळजाबाई रुपराव गजभिये (सही)

साक्षीदार: १. ॲड. चेतन ढोके. २. धनश्री मेश्राम.
पाचपावली, नागपूर. २४ नोव्हेंबर २०२४, दुपारी चार वाजता.