चौथा डबा

प्रिय ताई,

आज सकाळी तुझा ओजस तुझा लॅपटॉप न्यायला आला होता. मी दिला नाही. भाच्याला रिकाम्या हातानं परत पाठवणारा मामा आपल्या घराण्यात मीच पहिला असेन. कुणी तुझ्याकडे चुगली करण्याआधी मीच लिहितोय.

रविवारी तुझं वर्षश्राद्ध. जेवणं झाल्यावर सगळ्यांना तुझा गेम खेळायला द्यायचा, असं ओजसच्या मनात आहे. कल्पना उत्तम. पण त्यात एकावर एक रचायचे ते तुझे डबे उभे राहतात कुठे?

"मामा, तयार फिजिक्स इंजिन टाकतो, वजन-तोल सगळं तेच सांभाळतं. अर्ध्या तासाचं काम. पन्नास रचले तरी ढिम्म हलणार नाहीत."

"मग ते तुझ्या आईचे कसे?"

"कुणाला कळतंय?"

"मला!"

तू निवृत्त झालीस तेव्हा तुझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या आणि तू गेम लिहायला बसलीस. लालबागहून मसाला दळून आणलास की गिरगावच्या स्वयंपाकघरात ज्या चौकोनी डब्यांत भरायचीस, तेच पडद्यावर काढलेस. एकावर एक रचायचे, पडू द्यायचे नाहीत, एवढाच खेळ. तीन उभे राहायचे. चौथा ठेवला की सगळी चळत थरथरायची आणि कोसळायची. मग मला फोन! "पंडित, ये रे, बघ कसे अंगात आल्यासारखे करतायत!"

मी आलो कितीदा? एकदा. आणि तेव्हाही, "गुरुत्वाकर्षण हा शब्द संस्कृत आहे, पुढचं तू बघ," असं म्हणून पेपर तपासायला निघून गेलो. तासभर शेजारी बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

गेलं वर्षभर बसतोय. तुझ्या प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचतोय. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठदा बदलतं. दर वेळी तू प्रत्येक डबा खाली ओढतेस, आणि दोन डबे एकमेकांत घुसले की दोघांना अर्धं अर्धं बाजूला सारतेस. न्याय चोख. पण त्यात खालचा जमिनीत रुततो. जमीन त्याला वर ढकलते, की तो पुन्हा वरच्यात घुसतो! आणि हा तंटा तू दर वेळी एकाच फेरीत मिटवतेस. "एकदाच काय ते बोला, परत विषय नको." घरातल्या भांडणांतही तुझा हाच खाक्या. आम्ही ऐकायचो, डबे कशाला ऐकतील?

मी 'रामः रामौ रामाः' घोकायचो तेव्हा मला पोपट म्हणायचीस ना? तुझ्या कोडात मी तीच घोकंपट्टी घातली. जमिनीपासून वर, जोडीजोडीनं, दर चित्राला वीस आवृत्त्या. पहिल्या आवृत्तीत डबे कुरकुरतात, विसावीपर्यंत नरमतात. काल चौथा उभा राहिला, ताई! मी चहा केला, प्यायलो, येऊन पाहिलं. उभाच!

पाचवा मात्र थरथरतो. ओजसनं नेमका तोच पाहिला.

"मामा, हलतोय."

"हलू दे. तुझी आई तीनवर होती, आम्ही चारवर आलोय. पन्नास तुझ्या इंजिनाला लखलाभ!"

चहा न घेता गेला. नाक अगदी तुझं फुगवतो.

पण तूच सांग, माझं काय चुकलं? शोकसभेत जो तो उठून "शांत, समाधानी" म्हणत होता. तू आणि शांत? एका डब्याशी सहा महिने भांडलेली बाई! मी तेव्हा गप्प बसलो. आता बसणार नाही. त्या गुळगुळीत पन्नास डब्यांत तू कुठेच नसशील.

तेव्हा ऐक. रविवारी लॅपटॉप मधोमध ठेवून सगळ्यांदेखत पाचवा डबा मीच चढवणार. कोसळला तर कोसळू दे, तुझेच डबे कोसळताना दिसतील. सोमवारी मी पुन्हा बसेन. ओजस दिवाळीपर्यंत अबोला धरो, तुझ्या ओळी पुसून तिथे दुसऱ्या कुणाचं काही बसवू देणार नाही. हे वचन समज, नाहीतर हट्ट समज. हट्ट तुझ्याकडूनच शिकलोय.

तुझा,
श्रीधर