भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

मद्रास, शनिवार, १४ मार्च १९८७

मिळाला ब्रश. घोड्याच्या केसांचा, मुठीत बसेल एवढा.

नोकरी सोडून सोफे-खुर्च्या साफ करायचा धंदा धरला आणि पहिल्याच कामाला, समोरच्या मामींच्या मखमली खुर्चीवर, काथ्याचा ब्रश घासला. डाग गेला, पण मखमलीची लव चपटी झाली. पायपुसणं घासायचा ब्रश मखमलीला लावतं का कोणी? मामींनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. आठवडाभर तेच डोळ्यांपुढे.

आज इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या दुकानात खिशातून मखमलीचा तुकडा काढून एकेक ब्रश त्यावर फिरवून पाहिला. नायलॉनचा कडक. डुकराच्या केसांचा जरा बरा, पण ओरखडे उठलेच. दुकानदार तमिळमध्ये म्हणाला, "सार, ब्रश घ्यायला आलात की मुलगी बघायला?" शेवटी त्याने आतून हा आणला. फिरवला, आणि लव नुसती कलली, मोडली नाही.

घरी न जाता तडक मामींकडे गेलो. त्यांच्या इडलीच्या भांड्यावर खुर्चीची गादी धरली, वाफ दिली, मग हलक्या हाताने ब्रश. लव उठली! अगदी पहिल्यासारखी? नाही, निरखून पाहिलं तर कळतं.

मामींनी तळवा फिरवून पाहिला. मग स्वतःच खुर्ची भिंतीकडून वळवली आणि म्हणाल्या, "बस, कॉफी आणते."

मी बसलो, पण जमिनीवर. लव नुकती उठली होती.