मोटरीची तिसरी तार

रवि. ३ फेब्रुवारी १९७४. सकाळी सव्वादहा.
मोटरीच्या वायरींची टोके ब्लेडने सोलून, पीळ देऊन ठेवली. हात धुऊन लिहायला बसलो.
मोटर अर्ध्या घोड्याच्या ताकदीची, म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर, जुन्या बाजारातली. वहिनींच्या सुताच्या कांड्या भरायच्या चाकाला जोडायची. दिवसभर हाताने चाक फिरवून त्यांचा खांदा रोज शेकावा लागतो. दादा म्हणाला, "चालली तर बरंच हाय. पण मालकीणबाईला कळू देऊ नको. आपण लाइटचं भाडं देतो ते एका बल्बाचं."
मोटर विकणाऱ्या मिस्त्रीने तीन तारा सांगितल्या. दोन विजेच्या. तिसरी अर्थिंगची, मोटरीच्या अंगाला बांधून जमिनीत सोडायची. अंगणात खड्डा, कोळसा, मीठ. "आन् ती हुईस्तोवर पायात रबर घाल, बाबा." खड्डा खणला की मा.बाई, म्हणजे मालकीणबाई, विचारणारच. तिसरी तार तूर्त गुंडाळून ठेवली.

मंगळ. ५
चालू झाली! पट्टा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. मी घरात रबरी चपला घालून. वहिनी हसल्या. "भावजी, देवापुढं चपला? सासूबाई असत्या तर लाटणं घिऊन उठल्या असत्या."
"विजेचं काम आहे, वहिनी."
दुपारपर्यंतच रोजच्या दिवसभराच्या कांड्या झाल्या. शेजारणीला सांगताना ऐकले, "आमच्या भावजींनी केलं. नववीच शिकल्यात, पण डोकं बगा." मी उगाच बाहेर जाऊन उभा राहिलो. इतका आनंद...

गुरु. ७
वहिनी म्हणाल्या, मोटरीला हात लागला की मुंग्या येतात. हात लावून पाहिला. काही नाही. पुन्हा लावला. नाही.
म्हणालो, "थरथर आहे ती. मशीन फिरतं म्हटल्यावर थरथरणारच."
"असंल की. मला काय कळतंय त्यातलं."
वर मी हसलो. मोठ्याने.

शनि. ९
लिहवत नाही.
सकाळी वहिनींनी फरशी पुसली. ओलीच होती. पट्टा निसटला तो बसवायला त्यांनी मोटरीवर हात टेकला आणि हात तिथेच राहिला. आवाज फुटेना. नुसते डोळे माझ्याकडे. मी बटण बंद केले तशा मागे आपटल्या. दोन बांगड्या फुटल्या, मनगटात काच शिरली. किती वेळ तशाच भिंतीला टेकून.
मी त्यांच्या पायांकडे पाहिले. अनवाणी. मग माझ्या. चपला. परवा हात लावून पाहिला तेव्हाही चपला होत्याच. मिस्त्रीचे मी ऐकले, पण माझ्या पायांपुरते. घरात चपला घालून कोण बाई बसते? हे मला सुचले नाही. की सुचले होते आणि...
रात्री दादाने मनगटाची चिंधी पाहून विचारले. वहिनी म्हणाल्या, "मोरीत घसरले." मी जेवत होतो. मान वर केली नाही. "भावजी, आमटी वाढू?" म्हणाल्या. मी हो म्हणालो.

रवि. १०
दादा बाहेर गेल्यावर चपला काढल्या. फरशीवर पाणी ओतून उभा राहिलो, मोटर चालू केली, बोटांची मागची बाजू लावली. कोपरापर्यंत झटका. हात बराच वेळ बधिर.
वहिनींना म्हणालो, "तुमचं खरं होतं."
"ते मला ठावं हाय की. हात माझाच व्हता."
"दादाला का नाही सांगितलंत?"
"ते मोटर उचलून भंगारात घालतील. मग चाक कोण फिरवणार? तुमी?" मग म्हणाल्या, "खड्डा कधी करताय ते सांगा. तवर मी तिला शिवत न्हाय."
पुन्हा हाताचे चाक. मनगट दुखते म्हणून डाव्या हाताने. धागा सारखा तुटतो.

सोम. ११
मा.बाईंच्या दारात गेलो. "काय रे?" म्हणाल्या.
"पाणी आलं का विचारायला आलो."
"नळ तर तुझ्या मागंच वाहतोय."
परत आलो. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिले.

मंगळ. १२
पाइप, कोळसा, मीठ आणून मोरीमागे ठेवले. मा.बाईंकडे गेलो नाही. त्या देवळात होत्या. आल्यावरही गेलो नाही.

बुध. १३. संध्याकाळी सहा.
आज सांगितले. मोटरीचे, खड्ड्याचे, वहिनींना झटका बसला त्याचेही.
मा.बाई ओरडल्या, "माणूस मेलं असतं म्हंजे? माझ्या घरात?" अख्ख्या अंगणाने ऐकले. मी "हो" एवढेच म्हणालो. "आमच्या ह्यांना विचारते. तवर कुदळ लावायची न्हाय. मोटरबी चालवायची न्हाय."
घरी आलो. वहिनींना सगळे ऐकू गेलेच होते. चाक थांबवून म्हणाल्या, "आता आमच्या ह्यांनाबी तुमीच सांगा. बाहेरनं कळाया नको. आन् मी घसरले म्हणून सांगितलं, तेबी सांगा. मी खोटं बोलले ते तुमच्यासाठी, असं नगा म्हणू. मोटरीसाठी बोलले."
दादाची मिलमधली पाळी सुटली असेल. उंबऱ्यावर बसून लिहितो आहे. दादाला पहिले वाक्य काय म्हणायचे ते तीनदा लिहून खोडले. वहिनी चहाचे आधण ठेवत आहेत, तीन कपांचे.
दादा आला. सायकल लावतोय. मा.बाई त्यांच्या दारातून त्याला हाक मारतायत.